हप्ता आला, पण शेतकऱ्याला नाही

परवा आईच्या मोबाईलवर मेसेज आला. पीएम-किसानचे दोन हजार जमा. आई लातूर जिल्ह्यात गावी असते. गुडघे गेलेत, बांधापर्यंत जाणंही होत नाही. वडील गेल्यावर वारसाचा फेर झाला, सातबाऱ्यावर तिचं नाव लागलं, म्हणून सरकारदरबारी शेतकरी ती. मी पुण्यात नोकरी करतो, आयकर भरतो, मला हा पैसा मिळत नाही आणि मिळूही नये.

पण आमचं साडेतीन एकर गेली सहा वर्षं जे निम्म्या वाट्याने कसतात, त्या बटईदार काकांना? छदामही नाही. आईच्या बोटांचे ठसे मशीनवर उमटत नव्हते, तेव्हा ई-केवायसीसाठी तिला गाडीवर बसवून तीनदा तालुक्याला नेलं ते यांनीच!

केंद्राचे वर्षाला सहा हजार, २०२३ पासून राज्याच्या 'नमो शेतकरी'चे आणखी सहा. दिवसाला धड तेहतीस रुपये पण पडत नाहीत, म्हणून शहरातले मित्र हसतात. हसा. पण पेरणीच्या तोंडावर दोन हजार खिशात असणं काय असतं, ते दुकानाच्या पायरीवर उभं राहिल्याशिवाय कळत नाही. डीएपी खताची एक गोणी १३५० रुपयांना. रोख असेल तर गोणी उचलायची आणि निघायचं. उधारीवर घेतली की दर दुकानदाराचा, आणि दिवाळीच्या आधी सोयाबीनही त्याच्याच ओळखीच्या आडतीवर, तो म्हणेल त्या भावाने. आमच्यात खर्च निम्मा, माल निम्मा, राबणं सगळं काकांचं. म्हणजे ही उधारी काढायची वेळ त्यांच्यावर येते, माझ्यावर नाही.

२०१९ ला पीएम-किसान आली तेव्हा दोन हेक्टरची मर्यादा होती. काही महिन्यांत तीही काढली. आता चाळीस एकरवाल्यालाही हप्ता आहे. बटईने करणाऱ्याला नाही, कारण त्याच्याकडे कागद नाही.

कागद का नाही? तर आमच्यासारख्यांमुळे. मी एकदा म्हणालो, साधा करारनामा करू या. आई एकदम गप्प झाली, मग म्हणाली, "उद्या कूळ लागलं म्हंजे?" मराठवाड्यात १९५० च्या कूळ कायद्याची धास्ती अजून घराघरांत आहे. कसणाऱ्याला जमीन मिळावी म्हणून केलेला कायदा, आणि त्याच्याच भीतीने आज कसणाऱ्याचं नाव कुठेच लिहिलं जात नाही. मीही तो विषय पुन्हा काढला नाही. खरं सांगायचं तर मलाही भीती वाटली.

यावर तोड नाही असं नाही. आंध्र प्रदेशाने २०१९ मध्येच कायदा केला. अकरा महिन्यांचा करार, कसणाऱ्याला कार्ड, मालकी हक्काला धक्का नाही. तिथेही सगळं सुरळीत झालं असं मी म्हणत नाही, पण निदान बटईदार सरकारी कागदावर दिसतो तरी. आपल्याकडे आता प्रत्येकाला फार्मर आयडी, म्हणजे शेतकरी ओळख क्रमांक, काढायला लावतात. तोही सातबाऱ्यावरून.

या वेळी आईला म्हटलं, ते दोन हजार काकांना देऊन टाक. तिने काढून आणले, दिले. काकांनी मोजले, खिशातली वही काढली आणि म्हणाले, "वहिनी, तुमच्या वाट्याच्या खतात जमा धरतो."