ओबामा, २००८ आणि पुन्हा पुन्हा फिरणारा एक मेसेज

अमेरिकेत निवडणुकीचं वारं सुटलं की २००८ सालाबद्दलचा एक मेसेज मराठी ग्रुपांवर हमखास उगवतो. शब्द इकडचे तिकडे होतात, मुद्दे तेच राहतात. बराक ओबामा काळ्यांच्या एकगठ्ठा मतांवर निवडून आले. काळ्यांनी पक्ष, धोरण काही न बघता नुसता रंग बघितला. गोऱ्यांनी पूर्वजांच्या पापाचं ओझं उतरवायला साथ दिली. मुळात आई गोरी, मग हा गृहस्थ काळा कसला? आणि शेवटची ओळ, जिच्यासाठी हा सगळा खटाटोप असतो: असा माणूस राष्ट्राध्यक्ष झाला त्या दिवशी तिथला वर्णभेद संपला, मग आपण अजून आरक्षण कशाला धरून बसलोय?

निकाल रंगावर लागला असेल तर वर्णभेद संपला कसा, आणि तो संपला असेल तर निकाल रंगावर लागला कसा, हे मेसेज लिहिणाऱ्याने स्वतःला विचारलेलं दिसत नाही. असो. एकेक मुद्दा घेऊ.

‘एकगठ्ठा मतांवर निवडून आले’

२००८च्या एक्झिट पोलनुसार एकूण मतदारांत कृष्णवर्णीय होते १३ टक्के आणि त्यातल्या ९५ टक्क्यांनी ओबामांना मत दिलं. म्हणजे शंभरातली साधारण बारा मतं. ओबामांना मिळाली शंभरातली जवळपास ५३. बाकीची चाळीस आकाशातून पडली नाहीत. त्यातली बत्तीसच्या आसपास गोऱ्यांची होती. ओबामांच्या दर पाच मतांमागे तीन मतं गोऱ्या माणसाची, हे या ‘एकगठ्ठा’ विजयाचं खरं रूप. लॅटिनो मतदारांपैकी ६७ टक्के आणि आशियाई वंशाच्यांपैकी ६२ टक्के त्यांच्या बाजूने गेले, ते वेगळंच.

यावर उत्तर येतं की त्या वर्षी काळे मतदार जास्त संख्येने बाहेर पडले, म्हणून पारडं झुकलं. बाहेर पडले हे खरं. २००४ मध्ये त्यांचा वाटा ११ टक्के होता आणि डेमोक्रॅटिक उमेदवार जॉन केरी यांना त्यातली ८८ टक्के मतं मिळाली होती. मग २००८च्या हिशेबात हेच जुने आकडे घालून बघा. ओबामांची मतं ५३वरून ५१च्या आसपास येतात, म्हणजे तरीही निम्म्याहून जास्त. नॉर्थ कॅरोलिना त्यांनी सुमारे १४ हजार मतांनी जिंकलं आणि इंडियाना सुमारे २८ हजारांनी. ही दोन राज्यं तेव्हा हातची गेली असती हे मान्य करायला हरकत नाही. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष ठरतो तो राज्यागणिक वाटलेल्या इलेक्टोरल मतांवर आणि त्या दोन राज्यांची मिळून २६ होतात. ओबामांकडे होती ३६५, जिंकायला लागतात २७०.

‘काळे रंग बघून मत देतात’

हा मुद्दा सगळ्यांना एकदम पटतो, कारण आपल्याकडे मतदारसंघाचं जातीचं गणित चहाच्या टपरीवरही मांडलं जातं. पण ज्या निवडणुकांत याची खरी परीक्षा झाली, त्या या मेसेजमध्ये कधीच नसतात.

साउथ कॅरोलिना, २००४. डेमोक्रॅटिक पक्षाची प्राथमिक निवडणूक, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारी; मतदारांत जवळजवळ निम्मे कृष्णवर्णीय. रिंगणात अल शार्प्टन होते, न्यूयॉर्कचे कृष्णवर्णीय धर्मोपदेशक, नागरी हक्कांचे नावाजलेले कार्यकर्ते. त्यांना मतं मिळाली १० टक्क्यांच्या आसपास. जिंकले जॉन एडवर्ड्‌स, दुसरे आले केरी, दोघेही गोरे. चार वर्षांनी त्याच राज्यात कृष्णवर्णीय मतदारांपैकी ७८ टक्के ओबामांच्या मागे गेले. मधल्या काळात कोणाच्याही कातडीचा रंग बदलला नव्हता.

मेरीलँड, २००६. सिनेटसाठी रिपब्लिकन पक्षाने मायकल स्टील हा कृष्णवर्णीय उमेदवार दिला. समोर डेमोक्रॅटिक पक्षाचे बेन कार्डिन, गोरे. काळ्या मतदारांतल्या साधारण चौघांपैकी तिघांनी कार्डिन यांना निवडलं. रंग आपला आणि पक्ष परका असेल तर हा मतदार काय करतो, ते इथे दिसलं. त्याची निष्ठा पक्षाशी आहे आणि तिला १९६०च्या दशकातल्या नागरी हक्कांच्या कायद्यांचा पाया आहे.

आणि खुद्द ओबामा? २००० साली ते शिकागोच्या साउथ साइडमधून, म्हणजे बहुसंख्य कृष्णवर्णीय मतदारसंघातून, प्रतिनिधिगृहाच्या उमेदवारीसाठी उभे राहिले. समोर होते बॉबी रश, काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्लॅक पँथर संघटनेचे जुने कार्यकर्ते. (हीच ती संघटना, जिच्या नावावरून १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली.) रश यांनी ओबामांना दुपटीहून जास्त मतांनी धूळ चारली. हा हार्वर्डचा वकील आपल्यातला नाही, अशी कुजबुज त्या प्रचारात होती.

२००७ मध्येही पुष्कळ कृष्णवर्णीय मतदार पक्षाच्या उमेदवारीसाठी ओबामांसमोर उभ्या असलेल्या हिलरी क्लिंटन यांच्याकडे झुकलेले होते. काँग्रेस सदस्य जॉन लुईस, १९६५ मध्ये मतदान हक्कांच्या मोर्चात सेल्माच्या पुलावर पोलिसांच्या लाठीने ज्यांचं डोकं फुटलं ते, आधी हिलरींच्या बाजूने होते. चित्र पालटायला लागलं ते ३ जानेवारी २००८ला, उमेदवारीच्या शर्यतीत पहिला कौल देणाऱ्या आयोवा राज्यात. तिथे नव्वद टक्क्यांहून जास्त वस्ती गोरी आणि तिथे ओबामा पहिले, हिलरी तिसऱ्या. गोरे लोक याला खरंच मत देतात, म्हणजे आपलं मत वाया जाणार नाही, असा हिशेब मग इतरांनी केला. लुईस यांनी बाजू बदलली ती फेब्रुवारीत, स्वतःच्या मतदारसंघाने ओबामांना कौल दिल्यानंतर. एकगठ्ठा मत असं सावकाश, चाचपडत बनलं.

‘गोऱ्यांचा अपराधगंड’

गोऱ्या मतदारांपैकी ५५ टक्के रिपब्लिकन उमेदवार जॉन मॅकेन यांच्याकडे गेले, ४३ टक्के ओबामांकडे. केरींना ४१ मिळाली होती, त्याआधी अल गोर यांना ४२. अपराधगंडाची सगळी कमाई दोन टक्के? त्यात १५ सप्टेंबरला लेहमन ब्रदर्स ही बडी बँक कोसळलेली, मावळते रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष बुश यांची लोकप्रियता तळाला आणि इराकचं युद्ध डोक्यावर. अशा वर्षी कोणत्याही डेमोक्रॅटला यापेक्षा जास्त मिळायला हवी होती, असंही म्हणता येईल.

दक्षिणेत तर उलटंच झालं. अलाबामात केरींना गोऱ्यांची १९ टक्के मतं होती, ओबामांना १०. लुइझियानात २४ची १४ झाली.

‘आई गोरी, मग काळा कसला?’

ओबामांची आई कॅन्ससची गोरी, वडील केनियाचे. जन्म होनोलुलूचा, ४ ऑगस्ट १९६१. त्या वर्षी अमेरिकेतल्या अनेक राज्यांत या दोघांचं लग्न हाच गुन्हा ठरला असता. १९६७ मध्ये सुप्रीम कोर्टाने अशा लग्नांवरच्या बंद्या रद्द केल्या तेव्हाही १६ राज्यांत त्या लागू होत्या. व्हर्जिनियाच्या १९२४च्या कायद्याने तर पूर्वजांत एक थेंब काळं रक्त असलं तरी माणूस गोऱ्यांत मोजायचा नाही असं ठरवलं होतं. रक्ताचं मोजमाप काळ्यांनी सुरू केलं नाही. ज्यांनी ही रेष आखली त्यांच्याच बाजूने शतकभरानंतर ‘तू अर्धाच’ असं ऐकवलं जातं, ही गंमतच म्हणायची. २०१०च्या जनगणनेच्या अर्जात एकाहून जास्त वंश निवडायची सोय होती. ओबामांनी एकाच रकान्यात खूण केली, कृष्णवर्णीय. आईवर त्यांचं प्रेम कमी होतं म्हणून नव्हे. काळा दिसतो म्हणून रस्त्यात ज्याच्यासाठी टॅक्सी थांबत नाही, त्याला अर्धी टॅक्सी मिळत नाही.

‘त्या रात्री वर्णभेद संपला’

मेसेजसोबत बहुतेक वेळा शिकागोच्या ग्रँट पार्कमधला फोटो असतो: गर्दीत उभे जेसी जॅक्सन, बोट ओठांपाशी, डोळ्यांतून पाणी. १९८४ आणि १९८८ मध्ये स्वतः उमेदवारी मागून हरलेला, त्याआधी मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली तेव्हा मेम्फिसच्या त्या मोटेलवर हजर असलेला माणूस रडतोय, त्यात ‘संपलं’ असं कुठे दिसतं कळत नाही. त्याच मैदानात ओबामा बोलत होते तिथे व्यासपीठाच्या दोन्ही बाजूंना बुलेटप्रूफ काचा उभ्या केल्या होत्या. सीक्रेट सर्व्हिसचं संरक्षण त्यांना मे २००७ मध्येच द्यावं लागलं होतं, तोवर कोणत्याही उमेदवाराला दिलं नव्हतं इतकं लवकर.

हरलेल्या मॅकेन यांचं ॲरिझोनातलं भाषण मोठ्या मनाचं होतं. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी बुकर टी. वॉशिंग्टन या कृष्णवर्णीय नेत्याला व्हाइट हाउसमध्ये जेवायला बोलावलं तेव्हा केवढा गहजब झाला होता, याची त्यांनी आठवण काढली. पण ओबामांचं नाव आलं तसा समोरच्या गर्दीतून हुर्यो उठला आणि मॅकेन यांना हात वर करून लोकांना आवरावं लागलं. त्याच रात्री, निकालाला काही तास झाले नसतील, मॅसॅच्युसेट्‌सच्या स्प्रिंगफील्डमध्ये कृष्णवर्णीय भाविकांचं बांधकाम सुरू असलेलं चर्च जाळण्यात आलं. तीन गोऱ्या तरुणांना पुढे शिक्षा झाली. कारण काय, तर ओबामा निवडून आल्याचा राग.

पुढच्या वर्षांची यादी लांबलचक आहे, दोनच गोष्टी घेतो. गोऱ्या आणि काळ्या कुटुंबांच्या मधल्या पातळीवरच्या संपत्तीतलं अंतर २००७ मध्ये दहापट होतं, २०१३ मध्ये ते तेरापट झालं. मंदीत काळ्यांची घरं जास्त बुडाली. आणि २०१३ मध्येच सुप्रीम कोर्टाने १९६५च्या मतदान हक्क कायद्यातली मुख्यतः दक्षिणेच्या राज्यांवर अंकुश ठेवणारी तरतूद निकामी केली. राष्ट्राध्यक्ष तेव्हा ओबामाच होते.

उरली आरक्षणाची ओळ. तिच्यासाठी शिकागोला जायची गरजच नव्हती. के. आर. नारायणन १९९७ मध्ये देशाचे राष्ट्रपती झाले, दलित समाजातले पहिले. ते २००२ मध्ये निवृत्त झाले. भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत एका दलित कुटुंबातल्या चौघांना ठेचून मारलं गेलं ते २००६ मध्ये.