८४ गोळ्या आणि घरभर तज्ज्ञ

हिपॅटायटिस सी, म्हणजे लिव्हर आतून पोखरणारा व्हायरस, निघालाय ना? हरकत नाही. त्यावर आता औषध आहे, रोज एक गोळी (कुणाला दोन), साधारण १२ आठवडे म्हणजे ८४ दिवस, आणि १०० पैकी ९५ च्या आसपास लोक चक्क बरे होतात, कंट्रोलमध्ये बिंट्रोलमध्ये नाही, व्हायरस संपतो. आता एवढं सोपं असल्यावर आपल्यासारख्या हुशार माणसाने करायचं तरी काय? डॉक्टरने सांगितलं आणि आपण गिळलं, यात आपली अक्कल कुठे दिसली? म्हणून हे मार्गदर्शन. उरलेल्या पाचांत नंबर लावायचा असेल तर मेहनत घ्यावी लागते, आपोआप होत नाही ते.

सगळ्यात आधी म्हणजे घाई करायची नाही. काही दुखतंय का? नाही. भूक लागते? लागते. मग कशाचं औषध? हा व्हायरस पागडीच्या भाडेकरूसारखा असतो, वीस-वीस तीस-तीस वर्षं आवाज न करता राहतो आणि मालकाला कळतं तेव्हा भिंती गेलेल्या असतात. कधीतरी बाळंतपणात रक्त चढवलं असेल, गावच्या डॉक्टरने एकाच सुईने अख्ख्या रांगेला इंजेक्शनं दिली असतील, जत्रेत हातावर नाव गोंदून घेतलं असेल, आता आठवतंय कुणाला. तेव्हा तुम्ही आपलं ‘फॅटी लिव्हर असेल, सगळ्यांनाच असतं’ म्हणा आणि रिपोर्ट कपाटात साड्यांच्या खाली ठेवा.

त्यातून घरच्यांनी ऐकलंच नाही तर काविळीची माळ आहे की. डोक्यावर ठेवायची, ती हळूहळू मोठी होत खाली सरकते, म्हणजे कावीळ उतरली. काड्या वाळून आकसतात आणि दोऱ्याच्या गाठी सैल होतात म्हणून माळ लांबते, असं ते अंधश्रद्धावाले सांगत फिरतात, त्यांना कुठल्या गोष्टीत मजा म्हणून नाहीच. आणि तो चुन्याच्या पाण्यात हात धुऊन पिवळं पाणी काढण्याचा प्रकार, त्यात हाताला आधी आंब्याच्या सालीचा रस लावलेला असतो म्हणे. असेल. पण पाणी पिवळं होतं ना डोळ्यादेखत? रक्तात व्हायरस आहे का ते सांगणाऱ्या पीसीआर रिपोर्टमध्ये कुठे काय पिवळं दिसतं?

शिवाय एक आतली गोष्ट, सी असलेल्या बऱ्याच जणांना कावीळ कधी दिसतच नाही. त्यामुळे माळ घातली काय न घातली काय, डोळे पांढरेच. उपाय शंभर टक्के गुणकारी.

आता समजा पोचलात ओपीडीत. तिथे तुम्हाला कळतं की औषध सरकारी दवाखान्यात फुकट आहे. २८ जुलै २०१८ पासून केंद्र सरकारचा राष्ट्रीय कार्यक्रमच आहे, तपासणी फुकट, गोळ्या फुकट. इथे लगेच संशय यायला हवा. जी सोफॉसबुविरची गोळी २०१३ च्या शेवटी अमेरिकेत आली तेव्हा एकेक १००० डॉलरला होती, म्हणजे कोर्सचे ८४,००० डॉलर, तीच तुम्हाला चिठ्ठी दाखवून फुकट देतात? काहीतरी गडबड असणारच. २०१४ मध्ये मूळ कंपनीने आपल्याकडच्या कंपन्यांना ती बनवायचं लायसन्स दिलं आणि किंमत कोसळली, हे त्याचं साधं उत्तर आहे, पण साधं उत्तर आपल्याला पचत नाही, आपल्याला महाग गोळीच लागू पडते.

मग येतो मुख्य प्रसंग. डॉक्टर विचारतात, ‘दुसरं काही औषध चालू आहे का?’ इथे तुम्ही ठामपणे म्हणायचं, ‘नाही, काही नाही.’

‘बीपी, शुगर?’

‘हां, त्या आहेत, पण त्या रोजच्याच.’

बस्स. अर्धं काम इथेच झालं. कारण या गोळ्यांचे स्वतःचे साईड इफेक्ट फार नाहीत, थोडं डोकं दुखतं, थकवा येतो. जे काय व्हायचं ते तुमच्या ‘रोजच्याच’ बरोबर होतं, त्यामुळे ते जितकं लपवाल तितकं चांगलं. डॉक्टरांकडे पिशवीभर गोळ्या घेऊन जाणारे लोक असतात, बावळट दिसतात ते, तुम्ही हात हलवत जा.

उदाहरणार्थ गॅसची गोळी. ती तर औषधात धरतच नाहीत आपल्याकडे, चहाच्या आधी घ्यायची वस्तू आहे ती. आता सोफॉसबुविरबरोबर वेल्पाटास्विर किंवा लेडिपास्विर हे सी चंच दुसरं औषध असलेल्या गोळीला नीट विरघळायला पोटातलं आम्ल लागतं, आणि गॅसची गोळी आम्लच बंद करते, म्हणजे औषध पोटात जातं पण रक्तात पुरेसं जातच नाही. काय सोय आहे बघा, एकही दिवस न चुकवता कोर्स वाया घालवता येतो! पातळ अँटासिडचंही तसंच, त्यात आणि या गोळीत चार तासांचं अंतर ठेवा म्हणतात. तुम्ही जेवणावर दोन्ही एकदमच घ्या, पाणी वाचेल.

टीबीचं औषध चालू असेल तर अजूनच गुपचूप राहा. त्यातलं रिफाम्पिसिन या गोळीचं रक्तातलं प्रमाण इतकं खाली आणतं की दोन्ही बरोबर द्यायचीच नाहीत असा नियम आहे. फिट्सच्या गोळ्यांमधल्या फेनिटॉइन, कार्बामाझेपिनचंही तेच. पण टीबी झालाय हे सांगायला लाज वाटते, फिट्स येतात हे तर मुलीच्या लग्नापर्यंत कुणालाच सांगायचं नसतं, मग लिव्हरच्या डॉक्टरला काय म्हणून सांगायचं, त्यांचा काय संबंध, त्यांनी लिव्हर बघावं.

हृदयाच्या ठोक्यांसाठी अमायोडॅरोन घेणाऱ्यांनी मात्र हा लेख इथेच सोडून खरंच फोन उचलावा. त्याच्याबरोबर सोफॉसबुविर घेतल्यावर ठोके धोकादायक कमी झाल्याच्या केसेस आहेत, २०१५ मध्ये अमेरिकेच्या औषध खात्याने त्यासाठी वेगळी वॉर्निंग काढली होती. यात मला विनोद सुचत नाहीये. चक्कर आली, श्वास लागला, छातीत कसंतरी झालं तर सरळ हॉस्पिटल. झालं, आता परत आपल्या विषयाकडे.

शुगरवाल्यांची वेगळीच मजा आहे. व्हायरस जायला लागला की बऱ्याच जणांची शुगर आपोआप सुधारते, आणि इन्सुलिन किंवा गोळीचा डोस मात्र जुनाच राहिला की शुगर धाडकन खाली येऊ शकते. तर तुम्ही काय करा, घरातलं ग्लुकोमीटर माळ्यावर टाका, आणि दुपारी घाम फुटला, हात थरथरले, डोळ्यापुढे अंधारी आली की ‘हेवी औषध आहे ना, अंगावर येतंय’ म्हणून पडून राहा. साखर खाऊ नका, शुगर आहे ना तुम्हाला!

कोलेस्टेरॉलची गोळी, रक्त पातळ करायची गोळी, हृदयासाठीचं डिगॉक्सिन, यांचंही डोस बघणं, आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते) तपासणं वगैरे असतं. सगळं सांगत बसलो तर डॉक्टर खूश होतील, म्हणून सोडून देतो.

हिपॅटायटिस बी ची टेस्ट? सी चं औषध घ्यायला आलोय आणि हे बी ची टेस्ट सांगतात, बिल वाढवायचे धंदे. खरं कारण असं आहे की दोन्ही व्हायरस एका अंगात असले तर कधीकधी सी ने बी ला दाबून ठेवलेलं असतं, सी गेला की बी उसळतो, लिव्हर फेल होऊन माणसं दगावल्याचीही नोंद आहे. २०१६ पासून अमेरिकेत या औषधांच्या माहितीपत्रकावर ठळक चौकटीत हे छापलेलं असतं. पण माहितीपत्रक म्हणजे तो बारीक अक्षरांचा कागद, चष्मा शोधायच्या आत घडी करून डब्याखाली जातो, त्यामुळे तुम्ही सेफ आहात.

आता आयुर्वेदिक. हे सांगायचं नसतंच, कारण ते ‘नॅचरल’ असतं आणि नॅचरल गोष्ट लिव्हरला बायपास करून जाते असा आपला समज आहे. करोनाच्या काळात सगळ्यांनी गुळवेलीचे काढे लावले होते, आणि २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी लिव्हरला इजा झालेले सहा पेशंट नोंदवले, आयुष मंत्रालयाला ते पटलं नाही, वाद झाला. तुम्ही वादात पडू नका, तुम्ही काढा प्या. सकाळी गोळी, दुपारी काढा, संध्याकाळी मावसभावाने नाशिकहून पाठवलेली बिनलेबलची पावडर, रात्री लिव्हर टॉनिक, आणि लिव्हर टॉनिक घेतलंय म्हणजे वर एक पेग चालतो, टॉनिक असतं कशाला नाहीतर. नंतर लिव्हरला इजा झाल्याचं दाखवणारं एसजीपीटी वाढलं की कुणामुळे वाढलं ते जगातला कुठलाही डॉक्टर सांगू शकणार नाही, हीच तर गंमत.

वेळ पाळणं हाही एक फालतूपणा. एखादा दिवस गेला तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊन हिशोब चुकता करा, आपण उधारी ठेवणारे लोक नाही. (सोफॉसबुविर-वेल्पाटास्विरच्या गोळीला म्हणतात की १८ तासांच्या आत आठवलं तर लगेच घ्या आणि पुढची ठरल्या वेळेला, त्याहून उशीर झाला तर ती सोडून द्या, डबल कधीच नाही, आणि गोळी घेऊन तीन तासांच्या आत उलटी झाली तर परत एक घ्या. एवढं लक्षात ठेवण्यापेक्षा डबल सोपं.)

महिन्याभराने रिपोर्ट काढलात तर व्हायरस बऱ्याचदा सापडतच नाही. हा क्षण फार मोलाचा! इथेच थांबायचं. निगेटिव्ह आलं ना, मग उरलेल्या गोळ्या कशाला खायच्या, शेजारच्या काकांनाही सी निघालाय, त्यांना द्या, पुण्य लागेल. काकांचं लिव्हर कुठल्या स्टेजला आहे, त्यांना सिरॉसिस आहे का, म्हणजे लिव्हर कडक होऊन आकसलंय का, पोटात पाणी झालंय का, त्यावर औषध आणि मुदत दोन्ही बदलतात, कुणाला १२ आठवडे, कुणाला २४, पण काका काय परके आहेत का, आपल्याला चालली ती त्यांना चालेल. अर्धवट कोर्समधून वाचलेला व्हायरस औषधाला निर्ढावतो, पुढच्या वेळी औषध निवडणं अवघड जातं. तुमच्याकडचाही आणि काकांकडचाही. शेजारधर्म म्हणतात तो हाच.

लिव्हर जास्त बिघडलेल्यांना या गोळ्यांबरोबर रिबाविरिन नावाचं आणखी एक औषध देतात. त्याने हिमोग्लोबिन उतरू शकतं म्हणून मधूनमधून रक्त तपासा म्हणतात, तुम्ही बीट खा. आणि ते चालू असताना आणि संपल्यावर सहा ते नऊ महिने दिवस जाऊ द्यायचे नाहीत, बाळात व्यंग येण्याचा धोका असतो. हे बायको गोळी घेत असेल तेव्हाच, असं समजून चाला. नवरा घेत असला तरी तेच लागू आहे हे ओपीडीत सासूबाईंसमोर कोण विचारणार, आणि नातवाची वाट बघणारं घर इतके महिने थांबतंय कशाला.

ज्यांना जुनी इंटरफेरॉनची इंजेक्शनं आठवतात ते तुम्हाला भेटतीलच. ‘आमच्या साडूंना वर्षभर इंजेक्शनं दिली, रोज ताप, डोकं फिरल्यासारखे वागायचे, आणि शेवटी परत आलाच तो व्हायरस.’ खरं आहे, तेव्हा तसंच होतं बिचाऱ्यांचं. फक्त ते औषध वेगळं होतं आणि आताचं वेगळं आहे, पण तुम्ही मध्ये बोलू नका, मोठ्या माणसांचं ऐकून तिसऱ्या आठवड्यात घाबरून बंद करा.

मधल्या काळात घरातलं वातावरणही राखलं पाहिजे. पेशंटचं ताट, वाटी, पेला वेगळा काढा, नातवाला जवळ येऊ देऊ नका, हात लावला की साबण. यातल्या कशानेच हा पसरत नाही, जेवणाने नाही, मिठी मारल्याने नाही, त्यामुळे अगदी निर्धास्तपणे पाळता येतं. ज्याने पसरतो त्या गोष्टी मात्र कॉमन राहू द्या, म्हणजे दाढीचं रेझर, नेलकटर, टूथब्रश, शुगर तपासायची सुई. एका घरात इतकी फाटाफूट बरी दिसत नाही.

एवढं सगळं टाळून तुमचा कोर्स जर सरळ पूर्ण झाला तर अजून एक संधी आहे. शेवटच्या गोळीनंतर १२ आठवड्यांनी व्हायरल लोड (रक्तातला व्हायरस मोजणारी टेस्ट) करायचा असतो, तो निगेटिव्ह आला तरच बरा झालात असं धरतात. जाऊ नका. गोळ्या संपल्या म्हणजे आजार संपला. सिरॉसिस असेल तर व्हायरस गेल्यावरही कॅन्सरसाठी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी सांगतात, तिलाही जाऊ नका, दिवाळी, लग्नसराई, पेरणी, काहीतरी असतंच. परत लागण होऊ शकते, एकदा झाला म्हणून कायमचं संरक्षण मिळत नाही, पण टॅटूवाला ओळखीचा आहे आणि सुई तो पुसून घेतो.

त्याऐवजी कोपऱ्यावरच्या लॅबच्या ऑफरमध्ये स्वस्तातली अँटीबॉडी टेस्ट करा. ती पॉझिटिव्ह येईल. बरं झालेल्यांची पण ती येतच राहते, बहुतेक आयुष्यभर, कारण ती व्हायरस मोजत नाही, शरीराला एकदा तो भेटला होता एवढंच सांगते. पण लाल अक्षरात पॉझिटिव्ह म्हणजे पॉझिटिव्ह. तेव्हा फसवणूक झाली म्हणून आधी घरात आरडाओरडा करा, मग रिपोर्टचा फोटो फॅमिली ग्रुपवर टाका. डॉक्टरला पाठवायचा नाही बरं का. ग्रुपवर आपले अण्णा आहेत, गेल्या महिन्यापर्यंत ते शेअर मार्केट बघायचे, आता लिव्हर बघतात.