क्विंटलभर आवाज

होम थिएटर घ्यायचं पक्कं झालं असेल तर आधी घरातला कापूस विका. 2025-26 च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8110 रुपये ठरला, आणि तालुक्याच्या दुकानात पाच स्पीकर, एक वूफर, एक रिमोट आणि वर फुकटचा माइक असा सगळा बारदाना साधारण तेवढ्यातच मिळतो. एक क्विंटल कापूस द्यायचा, एक क्विंटल आवाज आणायचा. हमीभाव पुरता हातात पडतोच असं नाही. ओलावा कापतात, कवडी म्हणजे किडका, डागी कापूस बाजूला काढतात, गाडीभाडं वेगळं. तेव्हा दीड क्विंटल धरून चला.

दुकानात जाताना काहीही ठरवून जाऊ नका. रोज ऐकता ते गाणं पेन ड्राइव्हमध्ये घालून नेण्याचा चावटपणा तर अजिबात नको. दुकानदाराकडे त्याचा स्वतःचा पेन ड्राइव्ह असतो, त्यात एकच धडधड असते आणि ती प्रत्येक डब्यातून छानच वाजते. ‘जरा बातम्या लावून दाखवा’ असं म्हणालात तर माणसाचा साधा आवाज मडक्यातून आल्यासारखा येतो की काय, ते तिथेच कळेल आणि उगाच हिरमोड होईल. शिवाय दुकान खोक्यांनी, थर्माकोलनी आणि गिऱ्हाइकांनी ठासून भरलेलं असतं, आवाज घुमायला जागाच नसते. तुमचं घर तसं नाही, हे त्या वेळी आठवू नका.

मी गेलो तेव्हा दुकानदारानं आवाज वाढवला. समोरच्या पानठेल्यावर खर्रा घोटणाऱ्याचा हात थांबला. “पाह्यलं भाऊ? हा घेऊन जा, गाव हालते,” तो म्हणाला. गाव हलवून काय करायचं, हे मी विचारलं नाही. तुम्हीही विचारू नका.

खोक्यावर मोठा आकडा छापलेला असतो: 10000 वॅट. तो वाचा आणि पैसे मोजा. आकड्याच्या शेपटाला बारीक अक्षरांत पीएमपीओ, म्हणजे एखाद्या क्षणापुरता कमाल जोर, असं लिहिलेलं असतं, तिकडे पाहू नका. ते मोजायची एक ठरलेली रीत नाही, त्यामुळे ज्याला जेवढं पटेल तेवढं तो छापतो. आमच्या विहिरीवर 5 एचपीची मोटर आहे. एक एचपी म्हणजे 746 वॅट, म्हणजे मोटर झाली 3730 वॅटची. या हिशेबानं माझं होम थिएटर तसल्या अडीच मोटारींपेक्षा भारी निघालं. तेच उचलून वावरात नेणार होतो, पण डबा उलटा केला तर मागच्या चिठ्ठीवर ‘वीज खर्च 60 वॅट’. 60 वॅट पोटात घेऊन 10000 वॅट बाहेर फेकणारं यंत्र आमच्या ओसरीत असताना ओलितासाठी रात्री अडीचला का उठावं लागतं, हे मला अजून उमगलेलं नाही.

एखादा शिकलेला पुतण्या सोबत असला तर तो हमखास विचारणार, “आरएमएस किती?” त्याला आलुबोंडा खायला बाहेर पाठवा. आरएमएस म्हणजे स्पीकर न थकता, न फाटता सलग जेवढं ओढतो तेवढं. बैल घेताना आपण तो दिवसभरात किती वखरतो ते विचारतो, पोळ्याला तोरणाखालून निघताना किती उसळला ते नाही. पण बैल वेगळा आणि स्पीकर वेगळा. बैलाला चारा लागतो म्हणून आपण डोकं वापरतो. पुतण्या परत येऊन हेही सांगेल की 20 च्या जागी 40 वॅट केले तर आवाज 3 डेसिबलनंच वाढतो, कानाला जेमतेम कळतो, आणि दुप्पट मोठा वाटायला वॅट दहापट लागतात. त्याला आणखी एक आलुबोंडा द्या.

‘एवढ्याच पैशात दोनच स्पीकर घ्या, पण धड घ्या; लाकडी डब्याचे, उचलले तर हाताला वजन लागेल असे’ म्हणणाराही कोणीतरी भेटतो. त्याला सरळ विचारा, दोन स्पीकर घ्यायला आम्ही काय नापिकीत सापडलो? पाहुणे घरी आले की आवाज मोजत नाहीत, डबे मोजतात.

आता पाच डबे लावायचे कसे? पुस्तकी नियम असा की ऐकणारा मधोमध बसला तर पुढचे दोन त्याच्या डाव्या-उजव्या हाताला 30 अंशांवर, मधला बरोबर समोर, आणि मागचे दोन 100 ते 120 अंशांवर, म्हणजे कानांच्या किंचित मागे. माझ्या घरात उजवीकडच्या 110 अंशांवर स्वयंपाकघराचं दार आहे आणि डावीकडच्या 110 अंशांवर तुरीची पोती आणि त्यांवर मांजर. सोबत आलेली वायरही दारापर्यंत पोचेना. शेवटी पाचही भाऊ टीव्हीखाली एका ओळीत बसवले, लग्नातल्या पंगतीला बसल्यासारखे. फार फरक पडला नाही, कारण मोबाइलवरून ब्लूटूथनं जे येतं ते डावं आणि उजवं एवढंच असतं. सहा वेगळे आवाज यायला तशी जोडणी लागते, ते उलगडणारं यंत्र लागतं आणि मुळात सिनेमाही तसा लागतो. स्वस्त डब्यातले मागचे स्पीकर पुढच्यांचीच री ओढतात. मीटिंगीत सरपंचाच्या मागे बसलेल्यांसारखे.

वायर कमी पडली तर मोटारीची उरलेली वायर जोडा. मी जोडली. लाल-काळ्याचं काय एवढं, म्हणून एका स्पीकरचं लाल टोक काळ्यात गेलं. दोन स्पीकर एकमेकांविरुद्ध हलायला लागले: एकाचा पडदा पुढे आला की दुसऱ्याचा मागे. जाड आवाज जागच्या जागी खलास, आणि हिरो खोल विहिरीतून बोलल्यासारखा. दुकानात फोन केला. “भाऊ, माल नवा हाये. दहा-पंधरा दिवसांत मोकळा होते.” मी वीस दिवस वाट पाहिली. मग पुतण्या आला, त्यानं दोन टोकं बदलली आणि काहीही न बोलता चहा घेऊन निघून गेला. त्याचं ते न बोलणं दुकानदाराच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

वूफर मात्र जपून निवडा: ज्याचे दिवे जास्त, तो घ्या. पाच स्पीकर आणि एक वूफर मिळून जे 5.1 म्हणतात, त्यातला तो ‘पॉइंट एक’ म्हणजे हाच. त्याच्या वाट्याला साधारण 120 हर्ट्झच्या खालची घरघर येते, बोलणं त्याचं कामच नाही. तो कोपऱ्यात कोंबला की भिंती त्याला साथ देतात आणि घरघर फुगते. आमच्या कोपऱ्यापलीकडे स्वयंपाकघरातली फळी आहे. फळीवर स्टीलच्या डब्यांची उतरंड: तांदूळ, डाळ, साखर, सगळ्यांत वर चहापत्तीचा चपटा डबा, झाकण जरा सैल झालेला. खलनायकाची गाडी आली की आधी ते झाकण टिकटिकतं, मग डाळीचा डबा, आणि गाडी उलटते तोवर अख्खी फळी दात वाजवत असते. “अवो, तुमचा थो डबा लावला का माह्या डब्यायले हिव भरते,” इति बायको. दुकानात पोरं याला सराउंड म्हणतात, तेही आमच्याकडे पैसे न देता आलं.

उन्हाळ्याचं तर विचारूच नका. मे महिन्यात पारा 45 ला टेकतो, खिडकीत कूलर असतो आणि त्याच्यापुढे काय टिकणार? 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागाला रात्री 10 ते सकाळी 6 पर्यंत 45 डेसिबलची मर्यादा आहे. आमचा कूलर शिकलेला नसल्यामुळे त्याला ती ठाऊक नाही. तो सुरू झाला की स्पीकरचा आवाज वाढवायचा, मग बायको म्हणणार कूलर कमी करा, मग घाम, मग पुन्हा कूलर. तेवढ्यात शेताकडच्या मोटारी सुरू होतात, व्होल्टेज बसतं, आणि हिरो ऐन डायलॉगात बंद पडून निळ्या अक्षरांत ‘हॅलो’ म्हणत पुन्हा सुरू होतो.

हे सगळं खरं तर बाबांसाठी घेतलं होतं. त्यांना ऐकू कमी येतं. बाजारभाव सांगणाऱ्याचं एक वाक्य झालं की ते माझ्याकडे वळत, “काय मनून राह्यला थो?” मोठा आवाज झाला की प्रश्न मिटेल, असा माझा हिशेब. माणसाचं बोलणं मधल्या स्पीकरातून येतं आणि या पाचांत सगळ्यात काटकसरीनं बनवलेला डबा तोच, हे घरी आल्यावर कळलं. आता भाव सांगणाऱ्याच्या मागचं संगीत छातीत धडधडतं, फळी वाजते, मांजर पोत्यावरून उडी मारून पळतं आणि बाबा विचारतात, “काय मनून राह्यला थो?” तेवढंच, फक्त ओरडून.

एक गोष्ट मात्र दुकानात कोणी सांगत नाही, ती सांगून ठेवतो. आमचं जुनं घर कवेलूचं होतं, मातीच्या भिंती आणि शेणाचं सारवण. आवाज आला की भिंतीत जिरायचा, उरलेला कवेलूंच्या फटींतून निघून जायचा. नवीन घरात वर स्लॅब, खाली गुळगुळीत फरशी, चार उघड्या भिंती. टाळी वाजवली तर चार ऐकू येतात. होम थिएटर आणलं त्या दिवशी खोली रिकामी होती, कारण त्यातला कापूस विकूनच ते आणलं होतं.

या वर्षी भाव पडले म्हणून कापूस विकला नाही. समोरच्या खोलीत अर्ध्या भिंतीपर्यंत भरला. टीव्हीपुरती वाट सोडली, आणि वायर कापसाला लागू नये म्हणून उंच खिळ्यांवरून नेली. तेवढी अक्कल आहे. पोरं अंग खाजवत झोपतात. पण पहिल्या संध्याकाळी टीव्ही लावला आणि आम्ही सगळे गप्प झालो. घुमारा गेला. फळी वाजेना. भाव सांगणाऱ्याचा एकेक शब्द तांदूळ निवडल्यासारखा वेगळा आला. बाबा वळले नाहीत. त्यांनी पूर्ण बातमी ऐकली, अगदी ओलाव्याच्या टक्क्यांपर्यंत, आणि म्हणाले, “दोनशेनं उतरला.”

व्यापारी मंगळवारी येऊन गेला. म्हणाला, भाव अजून उतरेल, आताच मोजून टाका. मी त्याला म्हटलं, थांबा जी, सिनेमा अर्धा राहिला आहे.