-८ चं घनमूळ: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमचे आक्षेप दोन. माझ्या लेखात मी -८ चं घनमूळ -२ दिलं. पण पायथन या संगणकभाषेत -८ चा १/३ घात काढला की १.७३२ गुणिले √-१ असलेली भलतीच संख्या येते, म्हणून -२ चूक. आणि १/३ म्हणजेच २/६ असेल, तर -८ चा वर्ग ६४, त्याचं सहावं मूळ २. मग -२ आणि २ सारखेच म्हणायचे का? शेवटी तुम्ही असंही लिहिलंत, की संमिश्र, म्हणजे √-१ असलेली, मुळं तशीही निरुपयोगीच.

आधी पायथनच्या उत्तराचा ताळा करू. ती संख्या म्हणजे १ + √-३. तिचा वर्ग -२ + २√-३. त्याला पुन्हा १ + √-३ ने गुणलं की √-३ ची पदं एकमेकांना रद्द करतात आणि -२ - ६, म्हणजे -८ उरतात. उत्तर बरोबर आहे! पण -२ चा घनही -८ च, आणि १ - √-३ चाही. शून्य सोडलं तर प्रत्येक संख्येला तीन घनमुळं असतात, त्यांतलं कोणतं घ्यायचं ते आपण ठरवायचं. वास्तव, म्हणजे √-१ नसलेल्या, संख्यांत राहायचं असेल तर -२ शिवाय दुसरं नाही, आणि माझा लेख वास्तव संख्यांबद्दलच होता.

मग संगणक -२ का देत नाही? संमिश्र संख्या प्रतलावरच्या बिंदूंसारख्या मांडल्या, तर -८ ही शून्यापासून ८ अंतरावर, १८० अंशांवर. अंतराचं घनमूळ २, कोनाचा तिसरा भाग ६० अंश. तिथेच १ + √-३ आहे. दुसरं कारण मला फार आवडतं. संगणकाला १/३ नेमका साठवताच येत नाही. तो जवळचा अपूर्णांक धरतो आणि त्याचा छेद असतो २ चा ५४ वा घात. छेद सम, म्हणजे ऋण संख्येचं सम मूळ, आणि ते वास्तव संख्यांत नाहीच. त्याच पायथनमध्ये ३.११ आवृत्तीपासून घनमुळाचं स्वतंत्र फंक्शन आहे. त्याला -८ द्या, -२.० मिळेल.

दुसऱ्या आक्षेपाचं उत्तर छोटं आहे. घाताचा घात काढताना घातांकांचा गुणाकार करायचा, हा नियम अपूर्णांकी घातांकांना पाया धन असतानाच बिनधास्त लावता येतो. -८ चा वर्ग केला की उणे चिन्ह गेलं. सहावं मूळ ते कुठून परत आणणार?

‘निरुपयोगी’ मात्र मला अजिबात मान्य नाही. क्ष³ = १५क्ष + ४ हे समीकरण घ्या. क्ष = ४ हे उत्तर साधंसरळ आहे, पण त्रिघाती समीकरणं सोडवण्याच्या कार्दानोच्या सूत्रात घातलं की २ + √-१२१ आणि २ - √-१२१ यांची घनमुळं काढून बेरीज करावी लागते. इटालियन गणिती बॉम्बेलीने १५७२ मध्ये छापलेल्या आपल्या बीजगणितात दाखवलं, की ती घनमुळं २ + √-१ आणि २ - √-१ आहेत. बेरीज ४. इथेही दोघांना तीन-तीन घनमुळं आहेत आणि वाटेल ती जोडी चालत नाही: गुणाकार ५ आला पाहिजे. अशा जोड्या तीनच. त्यांतून ४, -२ + √३ आणि -२ - √३ अशी समीकरणाची तिन्ही उत्तरं मिळतात, आणि तिन्ही वास्तव!