न पाहिलेल्या सामन्यावर कसं बोलावं

भारताचा महिला बास्केटबॉल संघ कुठेतरी परदेशात हरला, ही बातमी तुमच्यापर्यंत कधी ना कधी पोचणारच. आतल्या पानावर, बुद्धिबळाच्या खाली, चार ओळींत. त्या वेळी तोंड उघडायची वेळ आली तर गांगरू नका. सामना पाहिलेला नाही, ही तुमची जमेची बाजू समजा. पाहिलेल्या माणसांची मतं उगाच गुंतागुंतीची होतात.

सुरुवात आकड्यापासून करा. 136-46. 2021च्या आशिया चषकात जॉर्डनमधल्या अम्मानला जपानने आपल्याला असं हरवलं होतं. हा आकडा तोंडपाठ हवा. जपानच्या महिला संघाने जेमतेम दोन महिन्यांपूर्वी टोकियो ऑलिंपिकचं रौप्यपदक मिळवलं होतं, हे मात्र मध्येच सांगत बसू नका, लाजेची धार जाते. त्याच स्पर्धेत फिलिपिन्सकडून आपण 70-74 असे हरलो आणि खालच्या विभागात घसरलो. तो आकडा विसरलात तरी चालेल. चार गुण म्हणजे दोन बास्केट. दोन बास्केटांसाठी हळहळायला सामना बघावा लागतो. नव्वद गुणांवर मान हलवायला नुसती वजाबाकी पुरते.

आता कारणमीमांसा. इथे फार डोकं चालवायचं नाही. "आपल्या मुली उंचीलाच कमी पडतात हो," एवढं म्हणायचं आणि चहाचा घोट घ्यायचा. रिंग दहा फुटांवर असते, हा मुद्दा जोडलात तर आणखी वजन येईल. पण समोर एखादा चिकट माणूस निघाला, तर तो रुई माचिदाचं नाव काढेल. ही जपानची, उंची 162 सेंटीमीटर, म्हणजे तुमच्या स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवरचा डबा काढायला तिलाही बहुधा स्टूल लागेल. टोकियोच्या उपांत्य सामन्यात तिने फ्रान्सविरुद्ध तब्बल अठरा असिस्ट दिले, म्हणजे थेट बास्केट होईल असे पास. ऑलिंपिकचा विक्रम. असं नाव निघालं की लगेच आहाराकडे वळा. "आपल्याकडे प्रोटीनच नाही" या वाक्याला अजून कोणी उत्तर दिलेलं नाही. त्यातून तो माणूस केरळच्या गीतू अ‍ॅना जोसवर आला, म्हणजे सहा फूट दोन इंचांची होती की आपल्याकडे, 2011मध्ये डब्ल्यूएनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या महिलांच्या व्यावसायिक लीगच्या, संघांकडे चाचणी देऊन आली होती, वगैरे, तर तुम्हाला एक फोन आलाच पाहिजे.

खेळाडूंची नावं लक्षात ठेवायची गरज नाही. वाराणसीच्या सिंह बहिणी, त्यातल्या चौघी भारताकडून खेळल्या, त्यातल्या प्रशांतीला 2019मध्ये पद्मश्री मिळाली. पण हे सगळं सांगेपर्यंत ऐकणारा मोबाईल काढतो. "इशांत शर्माची बायको बास्केटबॉल खेळायची," हे कसं झटकन पोचतं! तीही या चौघींतलीच, प्रतिमा. पुण्याच्या शिरीन लिमयेचं नाव काढलंत तर मात्र "कुठल्या लिमये?" इथून चौकशी सुरू होईल आणि बास्केटबॉल बाजूलाच राहील. एका अर्थी सोयीचंच.

महासंघाला शिव्या घालाव्यात का? जरूर. 2015मध्ये महासंघाच्या दोन निवडणुका झाल्या आणि दोन अध्यक्ष निघाले, हे उदाहरण रंगवून सांगा. त्यातली एक निवडणूक पुण्यात झाली होती, तेवढं हळू आवाजात.

विजयांपासून मात्र सांभाळून. अधूनमधून हा संघ जिंकतो, आणि अशा वेळी आपली तयारी नसते. 29 जुलै 2017 घ्या. बेंगळुरूच्या कंठीरवा स्टेडियममध्ये अनिता पॉलदुराईच्या संघाने कझाकस्तानला 75-73 असं हरवून आशिया चषकाचा 'ब' विभाग जिंकला आणि वरच्या विभागात जागा मिळवली. दोन गुणांनी! पण घाबरायचं कारण नव्हतं. त्याच दिवशी गॉलला आपल्या क्रिकेट संघाने श्रीलंकेला 304 धावांनी चिरडलं, आणि तुमच्या संध्याकाळची व्यवस्था झाली. सामना आपल्याच देशात होता तरी कानोकान खबर लागली नाही. तसाच 2013चा बँकॉकमधला पाचवा क्रमांक. आशियात पाचवं येणं ही या संघाची तोवरची सर्वांत मोठी मजल. पण पाचव्या नंबराला पेढे वाटायची आपल्यात पद्धत नाही. चौथीतल्या मुलालासुद्धा आपण विचारतो, पहिल्या चारात कोण कोण?

हे सगळं जमलं की शेवटचं, जरा घरगुती काम. तुमच्या सोसायटीत पार्किंगच्या भिंतीवर एक रिंग असेल. जाळी गेलेली, एका बाजूला वाकलेली, वॉचमनच्या ओल्या टॉवेलसाठी उत्तम. तिथे बी विंगमधली एक मुलगी रोज संध्याकाळी एकटीच बॉल आपटत असते. धप्, धप्, धप्. डोकं उठतं. परवा तर बॉल तुमच्या गाडीच्या आरशाला चाटून गेला. सेक्रेटरींशी बोलून घ्या, नोटीस लागली पाहिजे. मजकूर तुम्हीच लिहून द्या, आणि पहिलं वाक्य घालायला विसरू नका: "खेळाला आमचा विरोध नाही."