होडी कधी सुटणार, सांगा की!

कोल्हापुरातनं पहाटे अंधारात निघायचं, फोंडा घाट उतरायचा आणि मालवणच्या जेटीवर ताटकळत बसायचं. दरवेळी हेच! "आता सुटतली हां," म्हणत तिकिटाचे पैसे तेवढे आधी घेतात. मग तासभर कुणी तोंड दाखवत नाही. सत्तरीची आई डोक्यावर पदर ओढून उन्हात उभी, पोरं तहानलेली, पायाशी मासळीच्या पाटीतलं पाणी वाहतंय. आणि समोर सिंधुदुर्ग! १६६४ साली महाराजांनी बांधायला घेतलेला, आत राजाराम महाराजांनी उभारलेलं शिवराजेश्वराचं देऊळ. नुसतं लांबनंच हात जोडायचे का? वारा सुटला, दर्या खवळला तर नका सोडू होडी, जीव महत्त्वाचा. पण तसं फळ्यावर लिहायला काय जातं तुमचं?