दिवे कुठले लावणार?

दर रविवारी साताऱ्याहून मामाचा फोन येतो. जेवणखाण, थंडीवारा झालं की ठरलेला प्रश्न: "अगं, पण इतिहासात पीएचडी करून पुढे काय?" डिसेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारच्या 'सारथी' संस्थेच्या फेलोशिपच्या जागा कमी केल्यावरून विधिमंडळात चर्चा निघाली आणि तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी "पीएचडी करून काय दिवे लावणार?" असं विचारलं, तेव्हा मामाचा चेहरा फुलला होता. त्याचं म्हणणं थेट सरकारदरबारी पोचलं होतं!

मला तेव्हा फार राग आला. आता तेवढा येत नाही. पीएचडीला इथे जर्मनीत फी नाही, सत्राला थोडे युरो भरले की झालं, हे ऐकून गावाकडे डोळे विस्फारतात. पण माझी विद्यापीठातली नोकरी अर्धी आहे. म्हणजे पगार अर्धा, काम पूर्ण. त्यात कायदा असा, की मुदतीच्या करारावर पीएचडीआधी सहा वर्षं, नंतर सहा. तोवर कायमची जागा मिळाली नाही तर रामराम. या पद्धतीचं गुणगान करणारी, 'हाना' नावाच्या कार्टून संशोधिकेची सरकारी चित्रफीत २०२१ मध्ये पुन्हा वर आली आणि हजारोंनी 'मीच ती हाना' म्हणत आपली रडकथा मांडली. तेव्हा 'जर्मनीत बघा कसं असतं' हे पालुपद मी लावत नाही.

माझा विषय १९२० च्या दशकात बर्लिनला शिकायला आलेले भारतीय विद्यार्थी. त्यांच्याबद्दलची हाताने लिहिलेली टिपणं 'कुरेंट' या जुन्या जर्मन वळणात. त्यात 'ई' आणि 'एन' ही अक्षरं जुळी भावंडं, 'यू' वेगळा कळावा म्हणून डोक्यावर एक आकडी. 'नेनेन' हा शब्द म्हणजे नुसते कंगव्याचे दात! पहिल्या आठवड्यात दीड पान वाचून झालं. पुण्यात मोडी शिकले होते म्हणून टिकले. तिथेही ऱ्हस्व-दीर्घ नाही, संदर्भावरून ओढत न्यायचं.

या विद्यार्थ्यांत इरावती कर्वे आहेत. १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्या बर्लिनला आल्या. दाहलेममधल्या मानववंशशास्त्राच्या संस्थेत गाइड होते ऑयगेन फिशर. कवटीच्या दोन बाजूंतली असमानता वंशानुसार बदलते, आणि त्यात गोऱ्यांचं श्रेष्ठत्व दिसेल, अशी त्यांची अटकळ. बाईंनी १४९ कवट्या मोजल्या आणि लिहिलं, की वंशाशी याचा संबंध दिसत नाही. हेच फिशर १९३३ मध्ये बर्लिन विद्यापीठाचे प्रमुख झाले. त्यांनी आधी आफ्रिकेतल्या ज्या जर्मन वसाहतीत लोकांची मोजमापं घेतली, तिथे जर्मनांनी केलेल्या हेरेरो आणि नामा लोकांच्या कत्तलीला अधिकृतपणे वंशसंहार म्हणायला जर्मन सरकारला २०२१ उजाडलं. म्हणजे इथली सत्यनिष्ठाही सोयीसोयीने जागी होते.

तरी मला वाटतं, दिवा लावायचा तो असा: गाइडला हवं ते उत्तर न देण्याचा. आपल्याकडे भांडण फेलोशिप किती द्यायच्या यावर होतं, आणि ते व्हायलाच हवं. खेड्यातल्या पोराला त्याशिवाय दारच उघडत नाही. पण निष्कर्ष कुणाला झोंबला तर काय, यावर आपण गप्प. जानेवारी २००४ मध्ये भांडारकर संस्थेची तोडफोड झाली, ती एका परदेशी अभ्यासकाच्या पुस्तकापायी. संस्थेचा दोष काय, तर त्याच्या ऋणनिर्देशात तिचं नाव. त्या वेळी फाटलेली पोथी कुठल्या फेलोशिपने भरून निघणार?

गेल्या रविवारी हे सगळं मामाला सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"मग त्या बाईंना नोकरी लागली का?"

"हो. डेक्कन कॉलेजात. पुढे विभागप्रमुखही झाल्या."

"म्हणजे परमनंट?"

"परमनंट."

"हं," मामा म्हणाला, "आणि तुझं?"